भिवंडीच्या चिंध्या व ओटीवरचा छापखाना

तिगस्ता चैत्रांत आमच्या ओटीवरचें पायानें चालविण्याचें छापयंत्र भंगारवाल्याच्या गाडीवर चढावयाचें तेवढें बाकी राहिलें होतें. भिंतीशीं रचलेल्या खिळ्यांच्या पेट्या त्यानें उचलून पाहिल्या, एक खिळा नखानें खरवडला, आणि लोखंडापेक्षां या शिशाला आपण अधिक भाव देऊं असें सांगितलें. आमचे थोरले काका त्या वेळीं झोपाळ्यावर सुपारी कातरीत बसले होते. ते कांहींच बोलले नाहींत; परंतु अडकित्त्याचा आवाज थांबला, एवढें घरांतल्या सर्वांच्या लक्षांत आलें. त्या दिवशीं सौदा झाला नाहीं.

सौदा होऊं घातला होता त्याला कारणहि तसेंच होतें. भिवंडींत जागा रिकामी ठेवणें म्हणजे पैसा रिकामा ठेवणें होय. अंजूर फाट्यापासून नाशिकच्या हमरस्त्यापर्यंत गुदामांच्या रांगा पसरल्या आहेत, आणि आमच्या ब्राह्मण आळीसारख्या जुन्या वस्तींतील ओट्यांनाहि कापडाच्या गांठी ठेवण्यासाठीं भाडेकरू मिळतात. ज्या यंत्रावर आजोबांच्या काळीं पावती-पुस्तकें, मंगलाष्टकें व लग्नपत्रिका यांचा रतीब चालत असे, तें यंत्र संगणक व ऑफसेट आल्यापासून केवळ केरसुणी अडकविण्याच्या उपयोगाचें राहिलें होतें. तेव्हां तें काढून जागा भाड्यानें द्यावी असें घरांतील कमावत्या मंडळींचें मत पडलें, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें तें चुकीचें होतें असें आम्हांस आजहि म्हणवत नाहीं.

अशा वेळीं धाकट्या सूनबाईंनीं एक सूचना पुढें केली. पावती-पुस्तकांचीं कामें आतां मिळणार नाहींत, त्यांच्या मागें लागूं नये. परंतु हातकागदावर खिळ्यांनीं छापलेल्या निमंत्रणपत्रिका, पत्रें लिहावयाचे कागद, पाकिटें व भेटपत्रें यांना गिऱ्हाईक आहे, तें मुंबईपुण्यांत आहे, आणि मुंबई आपल्यापासून कितीशी दूर! एक वर्ष करून पहावें, हिशेब मांडावा, आणि मग भंगारवाल्याला खुशाल बोलवावें. त्या वर्षाची हकीकत येथें देण्याचें कारण असें कीं, घरच्या घरीं कांहीं तरी उद्योग काढावा अशी इच्छा असलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. आणि अशा उद्योगांविषयीं जें लिहिलें जातें त्यांत उत्साह फार व हिशेब थोडा असतो.

छापण्याचा धंदा हा आपल्या इकडे मोठ्या भांडवलानें सुरू झालेला नाहीं. गणपत कृष्णाजींनीं मुंबईंत १८३१ सालीं शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलें. तें यंत्र त्यांनीं स्वतःच्या खटपटीनें उभें केलें होतें. जावजी दादाजी हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं हलकीं कामें करतां करतां खिळे ओतण्याची विद्या शिकले व त्यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथ हातीं घेणाऱ्या कोणत्याहि विद्वानाला निर्णयसागरचें वळण ओळखूं येतें. पण तें वळण पोलादांत कोरणाऱ्या कारागिरांचीं नांवें त्याच विद्वानाला विचारलीं तर तो बहुधा गप्प बसेल. पुण्यास आर्यभूषण छापखाना काढला त्या वेळीं चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृति मंडळींनीं खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेल्या, असें सांगतात. आमच्या सूनबाईंनीं ही गोष्ट काकांना बरोबर योग्य वेळीं सांगितली. काकांनीं पदवीधर मुलीनें शाईनें हात काळे करण्याला घेतलेली हरकत तेथेंच मागें घेतली.

आतां खऱ्या कामाकडे वळूं. खिळा म्हणजे शिसें, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणाचा, इंचाहून किंचित् कमी उंचीचा ठोकळा. त्याच्या डोक्यावर उलटें अक्षर. इंग्रजी जुळणाऱ्याला अशा खिळ्यांच्या दोन पेट्या पुरतात. देवनागरीची कथा निराळी आहे. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धीं अक्षरें व जोडाक्षरें धरून खिळ्यांचे प्रकार शेंकड्यांनीं मोजावे लागतात, आणि पेट्या चार होतात. मुंबईकडे रूढ असलेल्या 'डिग्री' पद्धतींत तर मूळ अक्षराची ओळ मधें, मात्रांची वर व उकारांची खालीं, अशा तीन मजल्यांनीं एक ओळ उभी करावयाची असते. दिसतें सुबक, पण 'पूर्णिमा' हा एक शब्द जुळवितांना नवशिक्याच्या कपाळाला घाम येतो. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानें खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नांत लक्ष घातलें होतें तें कां, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें एक संपूर्ण लग्नपत्रिका स्वतःच्या हातानें जुळवून पहावी.

सुदैवानें आजोबांच्या वेळचे आमचे जुळारी मास्तर अजून हयात आहेत. दृष्टि मंद झाली आहे, परंतु कोणतें अक्षर पेटीच्या कोणत्या घरांत आहे हें त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. खिळ्याच्या अंगावरची खांच अंगठ्याला लागली कीं अक्षर सुलट बसलें कीं उलट हें ते न पाहतां सांगतात. त्यांनीं सूनबाईंना पहिले पंधरा दिवस छापूं दिलें नाहीं. केवळ जुने फर्मे सोडवून खिळे आपापल्या घरांत परत टाकावयास लावले. हें काम कंटाळवाणें आहे खरें, पण पेटी पाठ होते ती याच कामानें. एका घरांत चुकून पडलेला परका खिळा पुढच्या मजकुरांत बरोबर नेमक्या नको त्या जागीं उगवतो.

येथें गृहिणींना एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. खिळ्यांत शिसें असतें व शिसें पोटांत जाणें वाईट, विशेषतः लहान मुलांच्या. आमच्या येथें खिळ्यांच्या पेट्यांजवळ खाणेंपिणें बंद आहे, काम संपल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय माजघरांत पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि ओटीचा केर झाडून न काढतां ओल्या फडक्यानें टिपून घ्यावयाचा. मोडके खिळे घरीं वितळविण्याचा उपद्व्याप कोणीहि करूं नये. आजींनीं हे नियम सोंवळ्याच्या कडकपणानें अंमलांत आणले, आणि सोंवळें-ओंवळें यावर घरांतल्या मुलांनीं जी थट्टा चालविली होती ती या निमित्तानें थोडी कमी झाली.

मास्तरांचा व सूनबाईंचा पहिला मतभेद झाला तो ठशाच्या खोलीवरून. जुन्या मुद्रकांची शिकवण अशी कीं, खिळ्यानें कागदाला नुसता स्पर्श करावा. कागदाच्या पाठीवर अक्षरांचा उठाव दिसला तर तें काम अडाणी. आजचें गिऱ्हाईक नेमकें तो उठावच मागतें! अक्षर कागदांत रुतलेलें दिसावें, बोट फिरविलें तर लागावें, यासाठींच तें अधिक पैसे मोजतें. विलायतेंत विल्यम मॉरिसनें १८९१ सालीं केल्मस्कॉट छापखाना काढून चिंध्यांच्या हातकागदावर पुस्तकें छापलीं, तेव्हांपासून हातछपाईची आवड तिकडे टिकून आहे, आणि हल्लींच्या काळांत अमेरिकेंतील लग्नपत्रिकांनीं तिला नवें वळण दिलें आहे. मास्तरांना हें सर्व सांगितलें. "म्हणजे आम्ही जन्मभर ज्यासाठीं शिव्या खाल्ल्या, त्याला आतां तुम्ही बक्षीस घेणार," एवढेंच ते म्हणाले.

पण त्यांच्या म्हणण्यांत एक व्यवहाराची गोष्ट होती. खोल ठसा उठविला कीं शिशाचे खिळे लवकर बोथटतात, आणि मोडलेल्या खिळ्याच्या जागीं नवा मिळणें आतां दुर्मिळ आहे. म्हणून आम्ही तडजोड केली. खोल ठशाच्या कामासाठीं मजकूर संगणकावर मांडून त्याची फोटोपॉलिमरची पट्टी करून घ्यावयाची. या पट्टीवर प्रकाश पडतो तो भाग कठीण होतो व उरलेला पाण्यानें धुऊन जातो. ती ठोकळ्यावर चिकटवून त्याच यंत्रावर छापतां येते. खरे खिळे मात्र पत्राच्या कागदावरील नांवपत्ता, भेटपत्रें अशा हलक्या ठशाच्या कामाला राखून ठेवावयाचे. गिऱ्हाइकाला दोहोंतला फरक अगोदर सांगावा. पट्टीचें काम खिळ्यांचें म्हणून विकूं नये. असें विकणारे आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे.

कागदाची हकीकत मात्र आम्हांला थोडी लाजविणारी आहे. भिवंडी म्हणजे मागांचें गांव. येथें काहीं लाख यंत्रमाग चालतात असें म्हणतात, आणि वंजारपट्टी नाक्याकडून पद्मानगराकडे चालत गेलें तर त्या खटखटींत शेजारच्या माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. जेथें इतकें कापड तेथें इतकी चिंधी, आणि हातकागद तर चिंधीचाच होतो! मग भिवंडीच्या चिंध्यांचा कागद भिवंडींतच कां करूं नये? हा विचार आम्हांला इतका गोड वाटला कीं, आम्ही दोन पोतीं चिंध्या आणून गच्चीवर भिजत घातल्या. मिश्रण-यंत्राचें एक भांडें कामास आलें, चाळणीची चौकट सुतारानें करून दिली. चार दिवसांनीं जें निघालें त्याला कागद म्हणण्यापेक्षां धिरडें म्हणणें योग्य होईल. कारण साधें होतें. भिवंडींत पॉलिएस्टरच्या व मिश्र सुताच्या कापडाचें प्रमाण मोठें आहे. कागदाला पाहिजे शुद्ध कापूस. कापसाचा तंतु कुटला म्हणजे फुलतो, फाटतो व शेजाऱ्याला धरतो. कृत्रिम धागा कितीहि कुटला तरी धागाच राहतो. चिंधी निवडणें हेंच या धंद्याचें अर्धें काम आहे, हें आम्ही दोन पोतीं वाया घालवून शिकलों.

महाराष्ट्राला हातकागद नवा नाहीं. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी व दौलताबादी कागद भरपूर आढळतो, आणि दौलताबादेजवळचें कागजीपुरा हें गांव आपल्या नांवानेंच आपला धंदा सांगतें. गिरणीच्या कागदानें ही कला जवळजवळ बुडविली. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्यानें तिच्याकडे पुन्हां लक्ष वेधलें. आणि १९४० सालीं पुण्यास के. बी. जोशी यांच्या परिश्रमानें हातकागद संस्था उभी राहिली. चिंध्या निवडावयाच्या, कातरावयाच्या, सतराव्या शतकांत हॉलंडांत निघालेल्या तऱ्हेच्या कुटणीयंत्रांत त्यांचा लगदा करावयाचा, तो हौदांत कालवून चौकटीवर उचलावयाचा, लोंकरी कापडावर उलटा करून दाबावयाचा, वाळवावयाचा, खळ द्यावयाची आणि पत्र्यांच्या मधें घालून रुळाखालीं गुळगुळीत करावयाचा, असा त्याचा क्रम आहे. आम्ही शेवटीं पुण्याहूनच कागद आणूं लागलों. भिवंडीच्या चिंध्यांचा नाद सोडला, असें मात्र नाहीं. शुद्ध सुती कात्रणांचें एक पोतें निवडून पुढेंमागें एखाद्या कागद करणाऱ्याकडे पाठवावें, असा बेत आहे.

हातकागदाला दोन खोडी आहेत. एक अशी कीं, दोन ताव कधीं सारख्या जाडीचे नसतात. त्यामुळें यंत्राच्या पाठीवर कागदाचे कपटे चिकटवून दाब सारखा करण्यांत वेळ जातो. दुसरी खोड पावसाळ्याची. आषाढांत आमच्या गांवची हवा अशी असते कीं, मीठ बरणींत पाणी होतें. कागद ओल ओढतो, फुगतो, आणि कुंकवाच्या रंगांतील दुसरा ठसा पहिल्या ठशापासून केंसभर सरकतो. शाई तीन तीन दिवस वाळत नाहीं. युरोपांत जुने मुद्रक मुद्दाम कागद ओलावून छापीत हें खरें. पण ओल आपण दिलेली निराळी आणि वरुणानें दिलेली निराळी. तरी एका दृष्टीनें निसर्ग व पंचांग यांचा येथें मेळ बसतो. चातुर्मासांत लग्नें नाहींत, म्हणून पत्रिकाहि नाहींत. ते चार महिने वह्या शिवणें, पाकिटें चिकटविणें, पुस्तकांवर चिकटविण्याच्या नांवपट्ट्या व दिवाळीचीं शुभेच्छापत्रें यांना द्यावे, असें आम्ही ठरविलें.

दर ठरवितांना आम्ही आरंभीं मोठीच चूक केली. पायानें चालणाऱ्या यंत्रावर सरावलेला माणूस तासाला पुष्कळ प्रती काढतो. आमच्या हातून तीनशेंच्या वर निघत नाहींत. परंतु खरा वेळ छापण्यांत जातच नाहीं. जुळणी, फर्मा आवळणें, दाब बसविणें, शाईची छटा जमविणें यांत अर्धा दिवस मोडतो, मग प्रती पन्नास असोत वा पांचशें. आम्ही दर प्रतीमागें आकारीत होतों. त्यामुळें पन्नास प्रती मागणारा फुकटांत जाई. आतां बांधणीचा आकार निराळा व कागद-छपाईचा निराळा लावतों. गिऱ्हाईक प्रथम कुरकुरतें, पण फर्मा प्रत्यक्ष दाखविला कीं समजतें. प्रत्येक रंगाला यंत्रावरून एक फेरा, हेंहि तेथेंच दाखवावें.

भिवंडीचा छापखाना एका लिपीवर चालत नाहीं. मागवाल्या मोमीन घरांतील लग्नाची पत्रिका उर्दूंत पाहिजे, पद्मानगरांतील पद्मशाली कुटुंबाची तेलुगूंत, आणि बहुधा सोबत मराठीहि. उर्दूची नस्तालीक लिपि खिळ्यांत कधीं नीट बसलीच नाहीं. ती कातिबानें हातानें लिहावयाची व शिळेवर छापावयाची, अशीच वहिवाट होती. १९८१ सालीं नूरी नस्तालीक हें संगणकी वळण निघाल्यावर ती अडचण दूर झाली. आमच्याकडे पहिली उर्दू पत्रिका आली ती एका वृद्ध कातिबांनीं हातानें लिहिलेली होती. तिचीच पट्टी करून आम्ही छापली. त्यांतलें एक अक्षरहि आम्हांला वाचतां येत नव्हतें. म्हणून मुलीच्या मामांना ओटीवर बसवून, चहा देऊन, मुद्रित मोठ्यानें वाचावयास लावलें, आणि मगच यंत्र सुरू केलें. त्या पत्रिकेंत एकहि चूक निघाली नाहीं.

चूक निघाली ती आमच्या स्वतःच्या भाषेंत. एका परिचित घरच्या वैशाखांतील लग्नाच्या दीडशें पत्रिका छापून झाल्या, वाळल्या, मोजल्या. रात्रीं आजी पाकिटांत घालावयास बसल्या आणि संवयीप्रमाणें त्यांनीं पंचांग उघडलें. "रविवार, तारीख २१? रविवार तर बाराला आहे. एकविसाला मंगळवार येतो," त्या म्हणाल्या. दोन खिळे एकमेकांच्या जागीं बसले होते! मुद्रित तिघांनीं तपासलें होतें, आणि प्रत्येकानें दुसऱ्यानें तारीख पाहिली असेल असें धरलें होतें. पत्रिका टपालांत पडल्या असत्या, तर निम्मे पाहुणे लग्न होऊन नऊ दिवसांनीं मांडवाच्या दारांत उभे राहिले असते. कागद संपलेला, घरचा मुलगा पहाटेच्या गाडीनें पुण्यास गेला, दोन रात्रीं यंत्र चाललें, आणि दीडशें पत्रिका आमच्या खर्चानें पुन्हां झाल्या. वधूपित्याला आम्ही घडलें तें सांगितलें; लपविलें नाहीं. तेव्हांपासून मुद्रित एकानें मोठ्यानें वाचावयाचें, दुसऱ्यानें मूळ कागदावर बोट ठेवावयाचें, आजींनीं पंचांग पहावयाचें, आणि गिऱ्हाइकाची सही झाल्यावांचून पायावर पाय ठेवावयाचा नाहीं, असा नियम झाला. त्या चुकल्या पत्रिकांच्या पाठीवर आमच्या घरांत अजून वाणसामानाच्या याद्या लिहिल्या जातात.

फाल्गुनअखेर हिशेब झाला. कागद, पट्ट्या, शाई, प्रवास, वाया गेलेला माल व मास्तरांचें मानधन वजा जातां जें उरलें तें ओटीच्या भाड्याच्या सुमारें पाऊणपट भरलें. पहिल्या वर्षाच्या मानानें वाईट नाहीं, असें म्हणून काका वही मिटणार, तोंच सूनबाईंनीं दुसरी एक वही पुढें ठेवली. तींत रोजच्या रोज त्यांनीं स्वतः यंत्राजवळ घालविलेले तास मांडलेले होते. स्वयंपाक, मुलांची शाळा, सणवार सांभाळून दिवसाला चार तास, लग्नसराईंत सात. त्या तासांची मजुरी मास्तरांच्या दरानें धरली तर शिल्लक राहत नव्हती. उलट तूट येत होती. ओटीवर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. घरच्या माणसाच्या कष्टांना मोल लावावयाचें काय, असें कोणी तरी पुटपुटलें. त्यावर आजींनींच विचारलें कीं, घरच्या ओटीला भाडें लावतां, मग घरच्या माणसाला कां नको?

हा वाद एका बैठकींत मिटला नाहीं, आणि त्यांत कटु शब्दहि निघाले. शेवटीं ठरलें तें असें : दर महिन्याला एक ठराविक रक्कम सूनबाईंच्या नांवें टपालखात्याच्या बचतखात्यांत पडावी, ती खर्चांत धरावी, आणि ती भरून निघेल इतके दर वाढवावे. दर वाढविल्यावर कांहीं गिऱ्हाइकें गेलीं. जीं राहिलीं तीं आतां अगोदर पैसे देतात. यंत्र आणखी दोन वर्षें ठेवावयाचें, असा काकांनीं निर्णय दिला. भाड्याची बाजू मांडणाऱ्या मंडळींनीं तो मान्य केला, पण दोन वर्षांची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहूनहि ठेवली.

हल्लीं आमच्यापुढें प्रश्न आहे तो 'ळ'चा. तुळशीच्या लग्नानंतरचीं कामें आलीं आहेत, त्यांत दोन घरांचीं आडनांवें 'ळ' असलेलीं, आणि मोठ्या मापाच्या पेटींत 'ळ'चे धड खिळे सात उरले आहेत. परवां तोच भंगारवाला पुन्हां आळींत आला. या खेपेस त्याच्या गाडीवर एक जड गोणी होती. जवळच्याच एका गांवचा छापखाना मोडला, त्यांतले खिळे. ते कारखान्यांत जाऊन वितळण्यापूर्वीं आम्हांला पाहावयाचे आहेत काय, असें त्यानें विचारलें. ओटीवर जुनें वर्तमानपत्र पसरून त्यानें गोणी ओतली. मास्तर एका बाजूला व सूनबाई दुसऱ्या बाजूला बसल्या. दुपारपर्यंत एकोणीस 'ळ', थोडे 'ज्ञ', आणि रफारांची एक मूठ निघाली. भंगारवाल्यानें तीं आपल्या तराजूंत घातलीं व शिशाच्या भावानें पैसे घेतले.